न खेळता हरलेला सामना

परळच्या नवविद्या कॉलेजला धड मैदान नव्हतं. वर्ग सकाळी भरत आणि दहाच्या आत सुटत, कारण निम्म्याहून अधिक मुलांना पुढे नोकरी गाठायची असे. मागच्या अंगणात सिमेंटचा कोबा होता, दोन लाकडी खांब होते, आणि त्या कोब्यावर गुडघे फोडून तयार झालेली बास्केटबॉलची टीम होती. द्वैभाषिक राज्य येऊन वर्ष उलटलं, त्या हिवाळ्यात ही टीम आंतरकॉलेज स्पर्धेच्या ब गटात पहिली आली.

स्पर्धेचे दोन गट होते. अ गटात फोर्ट-चर्चगेटकडची जुनी, मोठी कॉलेजं. ब गटात परळ, दादर, गिरगाव, भायखळ्याची लहान. ब गटातला पहिला आणि अ गटातला शेवटचा यांच्यात एक सामना व्हायचा आणि जो जिंकेल तो पुढच्या वर्षी अ गटात खेळायचा. त्या वर्षी अ गटाच्या तळाला हॅमिल्टन कॉलेज होतं.

नवविद्याचे सामने न चुकता बघणारी माणसं कॉलेजसमोरच्या इराण्याकडे जमत. त्यांत गुणाजी मयेकर सगळ्यांत वडील. तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता आणि मूळचा हुतुतूवाला. बास्केटबॉलचे नियम त्याला अर्धेमुर्धेच कळत, पण कॉलेज आपल्या गल्लीतलं, म्हणून ते आपलं, एवढं त्याला पुरे होतं. भिवा जाधव वरळीच्या बीडीडी चाळीतला, नवविद्यातच शिकणारा आणि टीमचा कप्तान जगदीश गमरे याचा शेजारी. तिसरी शैला आगाशे. ती फणसवाडीत मामाकडे राहायची, सकाळी परळला कॉलेज करायची आणि दुपारी एका विमा कंपनीत टाइपिंग. एकदा मैत्रिणीची वाट बघत ती कोब्याच्या कडेला उभी राहिली, मैत्रीण येऊन निघून गेली तरी हिचं लक्ष नव्हतं. तेव्हापासून ती सामना चुकवत नसे.

इराण्याकडे एकच वाद रोज चाले: आपला गट खरोखर किती ताकदीचा? भिवाचं गणित ठरलेलं होतं. दादरच्या ज्ञानदीप कॉलेजने मैत्रीच्या सामन्यात अ गटातल्या चौथ्या टीमला लोळवलं. ज्ञानदीपला आपण दोन्ही वेळा हरवलं. म्हणजे अ गटात आपण निदान तिसरे. गुणाजी म्हणे, तिसरे कशाला, पहिलेच.

हेच गणित शैलाने घरी जेवताना मांडलं की तिचे मामा हसत. शामराव वर्तक बँकेत अधिकारी होते, तरुणपणी खेळलेले, आणि स्पर्धा भरवणाऱ्या क्रीडा मंडळाचे चिटणीस. मैत्रीच्या सामन्यात मोठी कॉलेजं राखीव मुलं उतरवतात, त्यावरून हिशेब करायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. ब गटात पहिलं येणं म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी. हॅमिल्टन कितीही घसरलं तरी या पोरांना कोर्टभर पळवून दमवील, वीसेक बास्केटांनी हरवील. शैला विचारी, मामा, ब गटाचा एक तरी सामना तुम्ही पाहिलाय का? त्यावर ते ताकाची वाटी पुढे करत.

चढतीचा तो सामना हॅमिल्टनच्या कोर्टवर ठरला, आणि नेमका त्याच दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पुकारला गेला. तारीख पुढे ढकला असा निरोप नवविद्याच्या प्राध्यापकांनी मंडळाकडे पाठवला. मंडळाचं उत्तर आलं की कार्यक्रम ठरलेला आहे.

त्या दिवशी ट्राम नव्हती, बस नव्हती. शैला फणसवाडीतून पायी निघून वेळेआधी पोचली. हॅमिल्टनची मुलं कोर्टाला लागूनच असलेल्या वसतिगृहातून शीळ घालत उतरली. पंच आले. शामराव टोपी मांडीवर ठेवून खुर्चीत बसले. नवविद्याचा पत्ता नव्हता.

नियमात होती तेवढी वाट पाहून शामरावांनी पंचांना खूण केली. शैला पुढे गेली. घरात ती मामांशी कितीही वाद घाली, पण चारचौघांत तिने आजवर त्यांच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं.

"मामा, ती मुलं परळहून चालत येत असतील. आजचा दिवस कसला आहे तुम्हाला माहीत आहे."

"हॅमिल्टनची मुलं आलीच ना?"

"ती जिना उतरून आली."

शामरावांनी तिच्याकडे न बघता सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा असतो. पंचांनी शिट्टी वाजवली आणि सामना हॅमिल्टनला दिला.

खुर्च्या उचलत होते तेव्हा नवविद्याची टीम फाटकातून आत आली. लालबागला पोलिसांनी त्यांना अडवलं होतं. हरताळाच्या दिवशी घोळक्याने जाणारी जवान पोरं म्हणजे मोर्चेवालेच, असं समजून बसवून ठेवलं होतं. जगदीशने जाळीतला चेंडू काढून दाखवला, चड्ड्या-बनियन दाखवले, तेव्हा कुठे सोडलं. मग दोघादोघांनी पांगून, पायधुणीच्या गल्ल्यांतून ते धावत आले होते. जगदीशचा सदरा पाठीला चिकटला होता. त्याने पंचांना विचारलं, कोर्ट मोकळं आहे, दोन्ही टीम हजर आहेत, उजेड आहे, मग खेळायला हरकत काय? पंचांनी शामरावांकडे बघितलं. शामराव म्हणाले की निकाल लागला आहे.

हॅमिल्टनचा कप्तान होमी दारूवाला बाजूलाच उभा होता. चेंडू काखेत धरून तो जमिनीकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी इराण्याकडे बसायला जागा नव्हती. जो तो बोलत होता. गुणाजी एरवी सगळ्यांत मोठ्याने बोलायचा, तो त्या दिवशी टेबलावर मूठ ठेवून बसला होता.

"आमका खेळूकच दिल्यानी नाय," तो म्हणाला, "मगे आम्ही हरलो कसे?"

भिवाला वेगळाच राग आला होता. तो म्हणाला, या शहरात आम्हाला कुठेही जायचं तर आधी आम्ही कोण ते दाखवावं लागतं, आणि दाखवेपर्यंत दार लागलेलं असतं. अपील करण्यात अर्थ नाही एवढंच जगदीशने सांगितलं, कारण अपील ऐकणारे तेच.

आठवडा गेला नाही तोच मंडळाने नवा ठराव केला. पुढच्या वर्षापासून चढतीचा सामनाच बंद. कारण दिलं होतं की ब गटाचा दर्जा अद्याप त्या योग्यतेचा नाही. शैलाला हे घरीच, आमटी वाढून घेताना मामांच्या तोंडून कळलं. तिने पान तसंच ठेवलं आणि उठली. मामी म्हणाल्या, अगं अन्नावर कसला राग? शैला म्हणाली, राग अन्नावर नाही, आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली. ज्या गटाच्या खेळाकडे या माणसाने एकदाही डोळे उघडून बघितलं नाही त्याचा दर्जा तो ठरवतो, हे तिला सहन होईना.

त्याच आठवड्यात ऑफिस सुटल्यावर ती भिवाला घेऊन हॅमिल्टनच्या कोर्टवर गेली. होमीचा सराव चालला होता. शैलाने आडपडदा न ठेवता विचारलं, आमच्या कोब्यावर येऊन खेळाल का? होमीने घाम पुसला. कॉलेजच्या नावाने येता येणार नाही, प्रिन्सिपॉल ऐकणार नाहीत, असं तो म्हणाला. मग आपल्या पारशी मराठीत म्हणाला, "पण रविवारी आपण आपले येऊ. ते जिंकलेला मला पण गोड नाय लागला."

घरी शैलाने मामांना एवढंच सांगितलं की रविवारी सकाळी सामना आहे, आणि दर्जा बघायचा असेल तर परळला बघायला मिळेल.

रविवारी कोब्याभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. आजूबाजूच्या चाळींतल्या बायका गॅलऱ्यांत उभ्या होत्या, गिरणीतली माणसं भिंतीवर बसली होती. ज्ञानदीपची टीमही दादरहून आली होती. पंच म्हणून नागपाड्याचा एक जुना खेळाडू बोलावला होता, दोन्ही बाजूंना न ओळखणारा. सामना सुरू होता होता शामराव फाटकाशी येऊन उभे राहिले. शैलाने त्यांना पाहिलं, पण ती जवळ गेली नाही.

पहिल्या हाफमध्ये नवविद्या पुढे होती. कोब्याला एका कोपऱ्यात उतार होता, तिथे चेंडू कसा उडतो हे त्यांना पाठ होतं. जगदीश उंचीने बेताचाच, पण दोघांच्या मधून असा निसटायचा की हॅमिल्टनचे एकमेकांवर आदळायचे. गुणाजी हुतुतूच्या मैदानासारखा ओरडत होता, अगदी चेंडू हॅमिल्टनकडे असतानाही.

दुसऱ्या हाफमध्ये मात्र फरक दिसू लागला. हॅमिल्टनकडे बदली खेळाडू ताजे होते. नवविद्याचे दोघे शनिवारी रात्रपाळी करून आले होते, त्यांचे पाय जड पडू लागले. होमीने कोपऱ्यातला उतार ओळखला आणि खेळ दुसऱ्या बाजूला नेला. त्याला अडवता अडवता जगदीशचे फाउल वाढत गेले आणि पाचव्या फाउलला पंचांनी त्याला बाहेर काढलं. भिंतीवरून एकच ओरडा झाला. गुणाजी पंचाच्या अंगावर जायला निघाला. जगदीशनेच त्याला दंडाला धरून थांबवलं.

"काका, बसा. पाचही फाउल खरे होते."

हॅमिल्टन चार बास्केटांनी जिंकलं. वरच्या गॅलरीतून एका बाईने टाळ्या वाजवल्या आणि हळूहळू सगळ्यांनीच वाजवल्या, दोन्ही टीमसाठी. होमी जगदीशजवळ येऊन बसला आणि दोघं एकाच तांब्यातून पाणी प्यायले.

शैला मनातून धरून चालली होती की आपण जिंकू. जिंकलो की सगळ्यांची तोंडं बंद होतील. आता शामराव तिच्याकडेच येत होते.

"बघितलंस?" ते सौम्यपणे म्हणाले. "मी वेगळं काय सांगत होतो?"

तो सौम्यपणाच तिला जास्त झोंबला. भिवा, गुणाजी, सगळे ऐकत होते. तिने आवाज चढवला नाही.

"आम्ही हरलो, मामा. हरलो हे आम्हाला ठाऊक आहे, कारण आम्ही खेळलो. तुम्ही न खेळवताच सांगत होता. आज हरलो त्याचा मला राग नाही. त्या दिवशी हरवलंत त्याचा आहे, आणि तो जाणार नाही."

शामरावांनी कोब्याकडे बघितलं, उसवलेल्या बुटांतून पाय बाहेर काढून बसलेल्या पोरांकडे बघितलं. टोपी डोक्यावर चढवून ते फाटकाबाहेर पडले.

त्या दिवशी तिथेच, घाम वाळायच्या आत, ज्ञानदीपच्या कप्तानाने विषय काढला. चढतीचा सामना बंद झाला तर ब गटात पहिलं येऊन करायचं काय? वर जायची वाट नसेल तर आपण नुसते मंडळाची शोभा वाढवायला खेळतो. पुढच्या वर्षी कुणीच नाव द्यायचं नाही, असं ठरलं. जगदीश आणि भिवा पुढचे काही आठवडे कॉलेजं पालथी घालत फिरले, गिरगाव, भायखळा, माझगाव. शैला दुपारच्या सुट्टीत मुलींच्या कॉलेजांत जाऊन त्यांचाही पाठिंबा मागून आली. स्पर्धेची वेळ आली तेव्हा ब गटातल्या एकाही कॉलेजने नाव नोंदवलं नाही. मंडळाला आधी वाटलं, येतील झक मारत. कुणी आलं नाही. वर्तमानपत्रांतून विचारणा होऊ लागली, आणि नुसत्या अ गटाची स्पर्धा म्हणजे आंतरकॉलेज कशी, असं मंडळातच काहींनी म्हटलं. शेवटी ठराव मागे घेतला गेला. मंडळाच्या त्या सभेत शामरावांनी मत कुणाच्या बाजूने दिलं ते शैलाला कधी कळलं नाही. ते सांगत नव्हते, आणि विचारणं तिच्या मानी स्वभावात नव्हतं. घरात बास्केटबॉलचा विषयच निघेनासा झाला.

त्या वर्षी नवविद्याची टीम मोडली होती. जगदीश पास होऊन रेल्वेत कारकून झाला होता, दोघांनी शिक्षण सोडलं होतं. ब गटात पहिलं आलं ते ज्ञानदीप. चढतीच्या सामन्यात त्यांची गाठ पुन्हा अ गटाच्या तळाला राहिलेल्या हॅमिल्टनशीच पडली. परळहून शैला, भिवा आणि गुणाजी बघायला गेले, आणि ज्ञानदीप एका बास्केटने जिंकलं.

गुणाजीला ते मुळीच रुचलं नाही. परत येताना तो ट्राममध्ये धुसफुसत होता. भांडलो आम्ही, उन्हातान्हात फिरले आमचे पोर, आणि वर चढले दादरवाले. या ज्ञानदीपला आपण दोन वेळा धूळ चारली होती. भिवा लगेच म्हणाला, तेच तर, ज्ञानदीप अ गटात गेलं, ज्ञानदीपला आपण हरवलं होतं, म्हणजे बघा आपण किती वरचे. गुणाजीने थोडा विचार केला आणि ते त्याला पटलं.

शैला हसली. सामना संपताना दादरच्या पोरांसाठी ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता, त्यामुळे तिला वादात भाग घेता येईना.