घट्ट तेल

आमच्या घरात टेबल एकच. त्याच्या एका टोकाला माझं शिलाई मशीन आणि दुसऱ्या टोकाला माझी सवत. सवत म्हणजे वीतभर उंचीची, रिमोटवर चालणारी, दगडांवर चढणारी गाडी. यांनी तिचं नाव खेकडा ठेवलंय. नोकरीत होते तेव्हा बस वेळेवर पोचवायची म्हणून जन्मभर घड्याळाच्या मागे धावले. आता हेच गृहस्थ एक दगड चढायला अर्धा तास लावतात आणि वर मलाच सांगतात, "घाई करू नकोस गं, बघ नुसतं."

तर त्या खेकड्याच्या चार चाकांना चार शॉकअब्सॉर्बर. करंगळीएवढ्या नळ्या, आत दट्ट्या आणि तेल. तेल पातळ असलं की चाक दगडाच्या खाचेत पटकन उतरतं, पण गाडी डुलते. घट्ट असलं की गाडी शांत, पण चाक खाली यायला वेळ लावतं, अधांतरी लटकत राहतं. हे ज्ञान मी काही मागायला गेले नव्हते, जेवताना कानावर पडून पडून झालं.

पूर्वी ते तीस नंबरचं तेल घालायचे. मग चाळीस आलं, म्हणजे आणखी घट्ट. परवा बघते तर टेबलावर साठची बाटली, आणि एक सुटी नळी त्याच तेलानं भरून ठेवलेली. दट्ट्या दाबून सोडला तर आळसावलेल्या मांजरासारखा वर येत होता.

"एवढं घट्ट?"

"गाडी फार डुलते हल्ली," ते म्हणाले. मग अगदी सहज बोलल्यासारखं करून, "रविवारी स्पर्धेत शेवटचा कडा चढला नाही ना, तर देऊन टाकतो कुणाला तरी. तुझंही टेबल मोकळं होईल."

खरं तर मी आनंदानं उडी मारायला हवी होती. इतकी वर्षं याच टेबलावरून भांडलेय. पण मनात आलं, खेकडा गेला तर हा माणूस दिवसभर करणार काय?

ते आंघोळीला गेल्यावर मी रिमोट घेतला आणि गाडी उशांवरून, कापडाच्या गठ्ठ्यांवरून चालवून पाहिली. आत अजून चाळीसचंच तेल होतं. गाडी मुळीच डुलत नव्हती. मग डुलत काय होतं ते माझ्या लक्षात आलं. माझ्या सुईत दोरा ओवायचं काम यांचं. हल्ली यांना नेमका तेव्हाच चष्मा सापडत नाही, आणि चष्मा असतो नाकावर.

ते बाहेर आले तशी मी सरळच विचारलं, "अहो, हे तेल गाडीसाठी भरताय की माझ्यापासून बोट लपवायला?"

त्यांनी टॉवेल दोरीवर नीट पसरून टाकला. मग म्हणाले, "रिमोटचा घोडा दाबताना थरथरतं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरायचं कारण नाही. पण गाडी चार लोकांत नाचते गं. बरं दिसत नाही."

"नाचू दे! या तेलानं चाक दगडाला टेकायचंच नाही. गाडी उलटली की दगडावर खापर फोडायला तुम्ही मोकळे. आणा ती तीसची बाटली."

त्यांनी सांगितलं, मी भरलं. दट्ट्या हळूहळू वर-खाली करायचा, बुडबुडे वर येऊ द्यायचे, मगच झाकण फिरवायचं. शेवटच्या नळीला मी घाई केली तर चक्क ओरडले माझ्यावर. बरं वाटलं ते ओरडणं.

रविवारी जुन्या खाणीत स्पर्धा होती. पंच म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाई. गाडी सुरू झाली की तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी कडक आवाजात सांगितला. खेकडा डुलत डुलत का होईना, शेवटच्या कड्यापर्यंत पोचला. पुढचं चाक खाचेत अलगद उतरलं. तीसचं तेल चुकलं नव्हतं. पण यांच्या बोटाबरोबर गाडीही तिथेच थडथडायला लागली आणि मागून कुणीतरी म्हणालं, "बॅटरी गेली वाटतं."

यांनी ते ऐकलं. बोट घोड्यावरून काढलं. "जमत नाही गं," एवढंच म्हणाले आणि रिमोट खाली ठेवायला वाकले.

शिवण शिकायला येणाऱ्या मुलींच्या मनगटाखाली मी हात धरते. ढकलायचं नाही, ओढायचं नाही, नुसता आधार द्यायचा. तशीच पुढे झाले आणि यांचं मनगट धरलं.

"ताई, मदत चालत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"नियम काय तुमचा?"

"गाडीला हात लावायचा नाही."

"गाडीला कोण लावतंय? मी माझ्या नवऱ्याला धरलंय."

सगळे हसले. बाईंनी हसू दाबत मान दुसरीकडे वळवली. "चला," मी यांना म्हटलं. बोट अजून थरथरत होतं, माझ्या तळहाताला कळत होतं, पण कमी. मागचं चाक उतरलं, टेकलं, आणि खेकडा एकेक पाय रोवत कड्यावर गेला.

टाळ्या वाजल्या. यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"मागचं चाक जरा उशिरा टेकलं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी मागे पंचवीसचं घालून बघू का?"

"बघू की. टेबल आहेच," मी म्हटलं. मनगट मी अजून सोडलं नव्हतं, आणि त्यांनीही सोडवून घेतलं नव्हतं.