पोवनाच्या पानावरचा बाप

भाद्रपदातलं कोवळं ऊन पिंपळटोल्याच्या तलावावर उतरलं, की पाण्याचं सोनं होतं आणि चिखलाचंसुद्धा कौतुक वाटतं. पलीकडे निथळती, हरितवसन धानशेतं. अलीकडे शुभ्र पोयणी, आरक्त कमळं, आणि जळावर अंग सैल टाकून पहुडलेली पोवनाची गोल गोल पानं. वारा आला की सगळी मिळून हलतात, वारा गेला की सगळी मिळून निजतात. असा सुखवस्तू तलाव पंचक्रोशीत दुसरा नाही.

पण मधली कितीतरी वर्षं हा तलाव नुसताच पाण्याचा होता, बरं का. काठानं बेशरमाची झुडपं माजली, तळातलं गवत गेलं, आणि एकेक पाहुणं पाखरू उठून गेलं. चांदवे गेले. अडया गेल्या. जांभळ्या पाणकोंबड्यांनी बिऱ्हाड हलवलं. आणि तो सुवर्णकंठ, शुभ्रपंख, विळ्यासारख्या बाकदार शेपटीचा कमळपक्षी, तो तर म्हाताऱ्यांच्या गप्पांपुरता उरला. पाखरू गेलं तर गेलं, त्यात काय एवढं, असं म्हणणारे पुष्कळ होते. मागोमाग मासळीही निघून गेली, तेव्हा मात्र सगळ्यांची तोंडं मिटली.

मग उठली रेवंता. डोमाजी मेश्रामांची सून, ढिवराच्या घरची, जिभेनं तिखट, मनानं ओली. तिनं टोलीतल्या, मासेमारांच्या त्या वस्तीतल्या, बाया गोळा केल्या. कंबरभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी बेशरमाची झुडपं मुळासकट उपटली आणि दुसऱ्या तलावांतून आणलेलं पोवन आणि देवधानाचं पाणगवत चिखलात लावलं, धान रोवावं तसं रोवत, गाणी म्हणत. पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसलेले पुरुष हसले. पाण्यात गवत लावतात म्हणे बाया! हसा बापड्यांनो, पोटभर हसा.

पानं फुटली. फुलं आली. आणि यंदा कमळपक्षी परतला; श्रावण सरता सरता एका पोवनाच्या पानावर चार अंडी आली, घासलेल्या तांब्यासारखी चकचकीत. अंडी घालून मादी चालती झाली, दुसरीकडे दुसरा संसार मांडायला, आणि बाप बसला उबवत. उन्हात बसला, पावसात बसला, मान उंच करून राखण करत बसला. बायांना काय, आयतंच सापडलं. घरोघरी नवऱ्यांना त्या बापाचे दाखले ऐकावे लागले.

तेवढ्यात मासेमारांच्या सोसायटीत टूम निघाली, तलावात गवत्या मासा सोडायचा. गवत्या झपाट्यानं वाढतो, हे खरं. पण त्याचं खाणंच गवत. बायांनी रोवलेलं सगळं त्यानं एका हंगामात फस्त केलं असतं, पानासकट आणि पानावरच्या बिऱ्हाडासकट. सोसायटीचे अध्यक्ष स्वतः डोमाजी. रेवंतानं सासऱ्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की सभा पाळीवर भरवा, आधी ते घरटं डोळ्यांनी बघा, मग काय ते ठरवा.

सभेची सकाळ उजाडली. अख्खा टोला पाळीवर लोटला. रेवंतानं मोठ्या तोऱ्यात बोट केलं, आणि बोट तिथंच थिजलं.

पान रिकामं होतं.

ओलं, कललेलं, एका कडेनं बुडालेलं रिकामं पान. कुणी खोकलं, कुणी गालातल्या गालात हसलं. मग रेवंताची नजर काठाला लागलेल्या छोट्या होडीवर, डोंग्यावर, गेली. डोंगा ओला होता, आत जाळं होतं, आणि तो डोंगा डोमाजींचा होता. सुनेनं सासऱ्यापुढे पदर सांभाळून हळू बोलावं, ही घरची रीत. पदर डोक्यावर होता, आवाज काही हळू राहिला नाही.

“मामाजी, सकारी तुमीच गेले होते ना तिकडं? जाळं टाकाले दुसरी जागा नोती?”

डोमाजींची मान खाली गेली. एवढा पोक्त माणूस, चार लोकांत उभा राहून नखानं टोपीचा दोरा उसवत राहिला. रेवंताचे डोळे भरून आले.

इतक्यात कमळांच्या आडून एक म्यांव म्यांव अशी लाडिक हाक आली. आणि बाप दिसला. पाठमोरा, उलट्या पावलांनी, लांब लांब बोटं पानांवर टाकत, हनुवटी आणि छाती यांच्या बेचक्यात अंडं धरून तो मागे मागे चालला होता. जुनं पान बुडू लागलं म्हणून त्यानं घर बदललं होतं. पलीकडच्या रुंद, कोरड्या पानावर तीन अंडी केव्हाच पोचली होती. हे चौथं.

मध्ये पाण्याची फट आली. अंडं निसटलं, डुचमळलं, तरंगलं. पाळीवरची गर्दी पाण्याच्या कडेपर्यंत सरकली. बाप पाण्यात उतरला, चोचीनं ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत त्यानं ते पलीकडे नेलं, पानावर ओढलं, पंख झाडले आणि जणू काही झालंच नाही असा चौघांवर बसला.

रेवंतानं जीभ चावली. सासऱ्याकडे बघायचीही तिला चोरी झाली. डोमाजी मात्र आता हसत होते, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“पाखरू पायलेच गेलो होतो, बाई. जाळं नुसतं लोकाइले दाखवाले होतं.”

मग पाळीवर जे हसू फुटलं ते आवरता आवरेना. अध्यक्ष चोरून पाखरू बघायला जातात! हसण्याचा भर ओसरल्यावर डोमाजींनी घसा साफ केला आणि सभेला विचारलं, गवत्या कुणाला पाहिजे? ज्याला पाहिजे त्यानं जाऊन त्या बापाला सांगून यावं. कुणीच उठलं नाही. झाली सभा.

घरट्याभोवती खुणेच्या काठ्या रोवायचं ठरलं. डोमाजींनी जाळं काढून पाळीवर टाकलं, काठ्या डोंग्यात भरल्या, आणि पुढची जागा, जिथं या टोलीत आजवर बाईमाणूस बसलं नव्हतं, ती हातानं पुसून रेवंताला दाखवली. ती बसली. मागे सासरा, पुढे सून, डोंगा निघाला; हळू निघाला, लांबचा वळसा घेऊन निघाला, लाट उठू नये म्हणून, पान हलू नये म्हणून, बापाची बसलेली ऊब मोडू नये म्हणून.