दोन जीबीत मावेल तेवढं

मित्रांनो, माझ्या पोटात चौसष्ट बिटची नवी सिस्टीम घालून महेशला काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. माझी ओळख मागाहून करून देतो. फ्लेक्स बनवायचं त्याचं सॉफ्टवेअर चौसष्टवरच चालणार होतं. आणि आमच्या मखमलाबादेत वाढदिवसांना तोटा नाही, दर गल्लीला एक भावी नगरसेवक ठरलेला. शिवाय मित्रांत बसून ‘आपल्याकडे चौसष्ट आहे’ असं सांगता येणार होतं. या दोन्हींत त्याला जास्त गोड काय वाटत होतं, ते मला माहीत आहे. पण ज्याने मला सांभाळलं त्याच्याबद्दल मी वाईट बोलत नाही.

तर मी जुना संगणक. नाशिकच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं आणि एका पतसंस्थेत पाठवलं. तिथे माझा थाट होता! दसऱ्याला मला हार घालत, कीबोर्डवर कुंकवाची बोटं उमटत. मग नवी यंत्रं आली आणि मी जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी गेलो. भंगारात निघालो तेव्हा महेशने मला घरी आणलं, दातांच्या जुन्या ब्रशने माझ्यातली धूळ काढली. त्याचं ते ब्रश फिरवणं मी विसरलो नाही.

महेशचं घर फुलं पिकवणारं. घरात आई ठमाबाई, थोरला भाऊ हिरामण आणि वहिनी मंजुषा. मंजुषा सकाळी झेंडू तोडायची आणि दुपारी माझ्यासमोर बसून मराठी टायपिंगचा सराव करायची. सरकारी परीक्षा होती, मिनिटाला तीस शब्दांची. ती पास झाली तर लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. पंचवटीतल्या क्लासमध्ये तिने तीस गाठले होते. पण दसऱ्याच्या झेंडूचा हंगाम आला, क्लासला जाणं बंद झालं आणि सगळा भार माझ्यावर पडला.

नेमक्या त्याच आठवड्यात महेशने चौसष्ट घालायचं ठरवलं.

या घराची एक रीत आहे. गणवेश असो की चप्पल, वाढत्या अंगाची घ्यायची. महेशने आईला विचारलं, “बत्तीस ठेवू का चौसष्ट घालू?” ठमाबाई म्हणाल्या, “मोठं कोन्तं? चौसष्ट ना? मंग तेच घाल. पुढं उपयोगी पडंल.”

पोर वाढतं, मित्रांनो. माझी मेमरी कुठून वाढणार? माझ्याकडे दोन जीबी. मेमरी बसवायच्या दोन खाचा, त्यातली एक पतसंस्थेतच मेलेली. मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. बत्तीस बिटची सिस्टीम ओट्याच्या कोपऱ्यात गप बसायची आणि मला काम करायला जागा उरायची. चौसष्टवाली आली ती सगळी भांडी ओट्यावर मांडूनच. मग मंजुषाचं एक अक्षर घ्यायचं तर आधी काहीतरी उचलून फडताळात ठेवा, मग दुसरं काढा. तोवर अक्षरं दारात रांगेत उभी.

मंजुषाचा वेग तिसावरून अठरावर आला. तिला वाटलं, झेंडू तोडून बोटं जड झाली. महेशही म्हणाला, “वहिनी, हात जड झालेत तुमचे. सिस्टीम तर एकदम नवीन आहे.” तो खोटं बोलत नव्हता, फक्त स्वतःच्या निवडीकडे बोट दाखवणं त्याला जमत नव्हतं. मी आतून ओरडत होतो, पण मला ओरडायला फक्त पंखा आहे. तो घरघरला की मंजुषा म्हणायची, “हाही कंटाळला मला.”

एका दुपारी तिने कीबोर्ड पुढे सारला आणि सासूला हाक दिली. “आत्या, मी नाही बसत परीक्षेला. माझी बोटं आता झेंडूचीच.”

ठमाबाई दारात फुलांचे क्रेट रचत होत्या. हात पुसत आत आल्या. “आसं कसं? लिहून दाव बरं मला.”

मंजुषाने दोन ओळी भरभर टाइप केल्या आणि हात मांडीवर ठेवले. पडद्यावर अक्षरं एकेक करून येतच राहिली. ठमाबाईंनी सुनेच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आगं, तुझे हात तर मांडीवर. मंग हे कोण लिहितंय?”

मंजुषाने पडद्याकडे पाहिलं. “मीच, आत्या. मघाशी लिहिलेलं.”

“मघाशीचं आत्ता येतंय व्हय? मंग ढिली कोण, तू का हा डबा?”

‘डबा’ ऐकून मला राग यायला हवा होता. पण इतकं बरं मला हार घातल्यावरही वाटलं नव्हतं.

महेशला मळ्यातून बोलावलं. मंजुषा म्हणाली, “भाऊजी, बत्तीस परत घाला.”

“आतलं सगळं पुसावं लागंल, वहिनी. फ्लेक्सचं पण जाईल.”

“किती फ्लेक्स झाले?”

“एक.” मग जरा वेळाने, “अर्धा. फेट्यापर्यंत आलाय, पुढं सरकतच नाय.”

ठमाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. महेश मात्र हसला नाही. “नवीन मशीन घेईस्तोवर थांबता आलं असतं.”

“परीक्षा थांबते का, भाऊजी?”

तो खाली बसला. घरातले फोटो पेनड्राइव्हवर उतरवले, फेट्यापर्यंतच्या नगरसेवकाला एकदा पाहून घेतलं आणि मला कोरा केला. संध्याकाळी बत्तीस माझ्या ओट्याच्या कोपऱ्यात येऊन बसली. मंजुषाने अक्षर दाबलं आणि ते बोटाखालीच उमटलं.

“वहिनी, जड हात म्हणालो होतो मी.”

“म्हणाला होतात.”

“हात बरोबर होते तुमचे.”

“हो ना? मग सरका आता, बसू द्या.”

ती पास झाली, पुढे नोकरीही लागली. आता नाशिकरोडला एका कार्यालयात तरण्याताठ्या यंत्रावर टाइप करते. मला त्याचा हेवा वाटत नाही. थोडा वाटतो.

मित्रांनो, जुन्या यंत्रात काही घालण्याआधी त्याची मेमरी बघत जा. मोठ्या आकड्याने त्याचा ओटा वाढत नाही. आणि घरातलं माणूस अचानक मंद वाटलं, तर त्याला नाव ठेवण्याआधी त्याच्या हाती काय दिलंय तेही तपासा.

आता या चौसष्टपायी कुणी किती दंड भरला, ते सांगून टाकतो. महेशचा फ्लेक्सचा धंदा बसला, आणि वहिनीच्या सऱ्यांतला झेंडू हल्ली तोच तोडतो. माझ्या जुन्या सिस्टीमची डागडुजी आता कंपनी करत नाही, म्हणून व्हायरसच्या भीतीने इंटरनेटची वायर काढली. बाहेर काय चाललंय, मला कळत नाही. पण सगळ्यांत जास्त भरलं ते मंजुषाने. स्वतःचे चांगले हात वाईट समजून तिने जे दिवस काढले, ते आमच्यापैकी कुणालाच भरून देता आले नाहीत.