न पडणारी सून

वलगावच्या मंडपात शंभरेक बायका डोकं गुडघ्यांत घालून उकिडव्या बसल्या होत्या. श्रावणी सोमवारचा उपास आणि वर तापलेले पत्रे. अर्ध्या तासाने महाराज गरजले, "उठा! वर पाहा! देवी उतरून राहिली!" बायका ताडकन उठल्या आणि दहाबारा जणी धपाधप कोसळल्या. एकच जयजयकार झाला.

कोसळण्यात गीतांजली दर सोमवारी पहिली. तिची थोरली जाऊ दीपमाला मात्र आजही उभीच.

"जिच्या मनात पाप, तिले देवी शिवत नाही," महाराज तिच्याकडे बघत म्हणाले.

दीपमालाचा नुसता जळफळाट झाला. अठरा वर्षं घरच्या महालक्ष्म्यांना लुगडी तीच नेसवत आली होती. आता सासूबाईंनी, पार्बताबाईंनी, जाहीर केलं होतं, "देवी जिच्या अंगात, यंदा महालक्ष्म्या तिच्याच हातून." म्हणजे काल आलेली गीतांजली पडून पडून मान मिळवणार आणि आपण उभ्या राहून पापी!

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने चक्क स्वयंपाकघरात पडण्याचा सराव मांडला. जळणारं माणूस काय करेल याचा नेम नाही. अर्धा तास उकिडवी बसून ती उठली. काही नाही. तेव्हा तिचं लक्ष पायांकडे गेलं. दिवसभर शिलाई मशीन चालवणारे ते पाय, उभ्या उभ्याही टाचा वरखाली करत होते. पुन्हा बसली, या वेळी पाय घट्ट रोवून उठली. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पिठाच्या डब्यावर आदळली.

"आली! मले बी आली!"

ब्लाउज न्यायला आलेली नर्स फलक दारातून धावली. सगळं ऐकून ती हसायला लागली. "भाभी, इथं महाराज कुठं हाय? उकिडवं बसून एकदम उठलं की रक्त पायांत उतरते, मेंदूले घडीभर कमी पडते. उपाशी असलं, उकाडा असला की अजूनच. तुमच्या पिंडऱ्या हलतात, त्या रक्त वर ढकलतात. म्हणून तुमी पडत नाही."

पुढच्या सोमवारी दीपमाला रांगेरांगेतून कुजबुजत गेली, "टाचा हलवा, हळूहळू उठा." महाराज तीनदा गरजले. एकही बाई पडली नाही.

"महाराज, आता तुमीच बसा अर्धा घंटा," दीपमाला म्हणाली.

"माहे... माहे गुडघे दुखतात."

मंडप खदखदून हसला. मग दीपमालाने फलकचं बोलणं मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. महाराजांनी आसन गुंडाळायला घेतलं.

गीतांजलीने जवळ येऊन काळेनिळे कोपर दाखवले. "ताई, मी तुमच्यावरच जळत होती. वाटे, आज डोकं फुटते. अन् तुमी आपल्या उभ्याच."

दीपमालाने जावेचा हात धरला आणि सासूकडे वळली. "आत्याबाई, सून घडीघडी पडत असन तर तिच्या पाया पडू नोका. तिले आधी जेवू घाला, मंग डॉक्टरकडे न्या."