धुक्यामागचा चेहरा

चाळीस वर्षं लोकांचे चेहरे दोन तळहातांत घेऊन केस कापले, म्हणून गल्लीनं त्यांचं नाव कात्रीमास्तर ठेवलं होतं. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या नजरेच्या ऐन मधोमध धुक्याचा गोळा येऊन बसला. समोर बघावं तर चेहरा पुसलेला. कान आणि खांदे तेवढे शिल्लक. एका गिऱ्हाइकाच्या कानाला वस्तरा लागला, त्याच दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं. डॉक्टर म्हणाले, "आहे ते सांभाळू. गेलेलं परत येणार नाही."

घरी मात्र मास्तरांनी सांगितलं, "हात भरून येतो, म्हणून दुकान बंद."

एक युक्ती त्यांची त्यांनाच सापडली होती. खिडकीकडे बघितलं, की ओट्यापाशी उभी असलेली बायको नजरेच्या कडेला उमलून यायची, कपाळावरच्या बटेसकट. दिवसभरात तेवढंच सुख. बाकी जेवण नको, बाहेर जाणं नको. जुन्या ओळखीचा शिंपी, रस्त्यात त्याला ओळखलं नाही म्हणून, टोचून गेला होता, "काय मास्तर, दुकानाबरोबर ओळखही बंद?" तेव्हापासून ते खुर्चीतून उठलेच नव्हते. सकाळी जाग आली की वाटे, कशाला आली?

त्या दिवशी बायको पिशवी भरून समोर उभी राहिली.

"भावाकडे जाते. महिने झाले, खिडकीशी बोलता तुम्ही. माझा कंटाळा आला असेल तर तसं सांगा."

"वेडी आहेस का?"

"मग हेच माझ्याकडे बघून म्हणा."

मास्तरांनी मान वळवली, नजर सरळ तिच्यावर ठेवली, आणि ती नाहीशी झाली.

"जाऊ नकोस," ते त्या धुक्याला म्हणाले. "तू दिसत नाहीस मला. हात धडधाकट आहे. डोळे गेले."

पिशवी खाली टेकल्याचा आवाज आला.

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मी रोज रात्री दंडाला तेल चोळतेय! अख्खी बाटली संपवलीत, लबाड कुठले!" आवाज अगदी खणखणीत. "एवढंच ना? मी आहे की. चहा टाकते."

सवयीनं त्यांची नजर खिडकीकडे वळली. कडेला ती दिसली. पदराचा बोळा तोंडात कोंबलेला, खांदे गदगदत होते, आणि डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं.

युक्तीची गोष्ट मास्तरांच्या ओठांवर आली होती. ती त्यांनी गिळली.

"साखर जरा जास्त घाल," ते खिडकीला म्हणाले.