दोऱ्याचा वजीर

मी एक जुना वजीर आहे. खरं सांगायचं तर मी दोऱ्याचं रीळ आहे. पांढुर्ण्याच्या दत्तात्रय मास्तरांच्या बुद्धिबळातला काळा वजीर हरवला, तेव्हा त्यांच्या मुलीनं, रजनीनं, माझा दोरा संपलेला पाहून मला काजळ फासलं आणि राजाशेजारी उभं केलं. मित्रांनो, इतकी मोठी बढती सरकारी नोकरीतही मिळत नाही.

सन चौऱ्याऐंशीचा डिसेंबर होता. सौसरहून संत्र्याचे बागाईतदार रघुनाथराव आपल्या मुलासाठी रजनीला पाहायला आले. सोबत पत्नी उर्मिलाबाई आणि मुलगा अरविंद. अरविंद पूर्ण वेळ चिवडा खात होता, म्हणून त्याचं नाव पुन्हा येणार नाही.

मुलगी पसंत पडली. अडलं तारखेवर. रघुनाथरावांना लग्न माघातच हवं होतं. रजनीची बी.ए.ची शेवटची परीक्षा एप्रिलमध्ये होती.

"परीक्षा कायले पाहिजे? आमच्या घरी कोण पेपर घेऊन राहिलं?" रघुनाथराव म्हणाले. मग त्यांचं लक्ष पटाकडे गेलं. "कोण खेळते?"

"मी," रजनी म्हणाली.

"मग बस. मी जिंकलो तर माघ. तू जिंकली तर तुझी परीक्षा."

मास्तरांना घाम फुटला. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीनं नाव सांगायचं, शिक्षण सांगायचं आणि आत जायचं असतं. शह द्यायचा नसतो.

रजनी हरत होती. तिचे दोन्ही हत्ती गेले, घोडे गेले. पुढच्या चालीला मात होणार होती. तेव्हा तिनं मला उचललं आणि शह दिला. त्यांचा राजा कोपऱ्यात गेला. मी तिरका सरकून पुन्हा शह दिला. राजा शेजारच्या घरात आला. मी परत आधीच्या जागी, राजा परत कोपऱ्यात. त्याला दुसरं घरच नव्हतं. मला होती, पण मी गेलो असतो तर आमचा राजा मेला असता.

"तीन शह झाले! डाव बरोबरीत!" मास्तर ओरडले.

"मास्तर, काऊन घाई करून राहिले? तीन शह नाई. सारी मांडणी तीच, चालीची पाळीबी त्याचीच, असं तीनदा व्हावं लागते. आम्हीबी वाचलं आहे." ते बरोबर बोलले होते. मग वैतागून रजनीला म्हणाले, "पोरी, तू तेच तेच करून राहिली!"

"काका, तुम्हीबी तेच तेच करून राहिले."

खोलीत चिवड्याचा आवाजही थांबला.

मित्रांनो, मांडणी तीनदा आली तरी डाव आपोआप सुटत नाही. ज्याची पाळी असेल त्यानं तोंडानं बरोबरी मागावी लागते. मी पुन्हा तिरका सरकून परत आधीच्या जागी आलो, राजा पुन्हा कोपऱ्यात गेला. पाळी रजनीची होती. मास्तर तिला डोळ्यांनी 'गप्प' म्हणत होते. तिचा हात माझ्या डोक्यावर होता.

"बरोबरी मागते मी," ती म्हणाली.

"दोनदाच झालं!" रघुनाथराव गरजले.

"अजी, तीन झाले," उर्मिलाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी मोजून राहिली होती."

"तुले काय समजते यातलं?"

"खेळ नाई समजत. पण सत्तावीस वर्षं तुमचं बोलणं ऐकून राहिली मी. एकच गोष्ट कितीदा झाली, ते मले बरोबर समजते."

रघुनाथरावांनी पटावर बोट फिरवत चाली पुन्हा मोजल्या. "मग आता? कोणीच जिंकलं नाई."

"मग जे चालू आहे ते चालू राहील," रजनी म्हणाली. "अभ्यास चालू आहे."

लग्न मे महिन्यात झालं. रजनी सौसरला गेली आणि मी डब्यात. माझं काजळ उडालं, आता कोणी मला वजीर म्हणत नाही. एकदा तर मास्तर माझ्यावर दोरा गुंडाळायला निघाले होते.

माझी तक्रार नाही. एवढंच सांगतो, हरत असाल तरी मोजणं सोडू नका. आणि तुमची पाळी आली की मोठ्यानं मागा. कोणी मागितलंच नाही तर डाव चालूच राहतो, आणि शेवटी हात त्याचाच चुकतो जो जास्त थकलेला असतो.