बाटला आणि दाढीचा फेस

आप्पांचे गाल गुळगुळीत दिसले, की आमच्या घरी नवं सिलिंडर लागलं हे अख्ख्या गल्लीला कळायचं.

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हयात नंदुरबारच्या मिरची बाजारात गेली. त्या ठसक्यानं त्यांच्या नाकानं कधीच काम सोडलं होतं. हंगामात तर गल्लीतल्या कुणाच्याच नाकाचा भरवसा नसे. म्हणून गॅस गळतो की नाही, हे ते वासावर सोडत नसत. रेग्युलेटर बसवला की दाढीच्या वाटीत फेस करायचे आणि ब्रशनं सांध्याला फासायचे. फेसाला फुगा धरला तर गळती. उरलेला फेस वाया कशाला घालवायचा, म्हणून मग तिथंच दाढी. एरवी दाढीच्या बाबतीत ते उदासीन होते.

याआधी एक घोषणा व्हायची. घरीदारी अहिराणी बोलणारे आप्पा त्या वेळी स्टेशनवरच्या कर्ण्यासारखी शुद्ध मराठी काढत: "सर्वांनी कृपया बाहेर यावे! आत एकच माणूस थांबेल!" मग आम्ही बाहेर. शेजारचे हेमकांतकाका बाहेर, त्यांची बकरीही बाहेर. काकांना गॅसची इतकी धास्ती, की ते बसायला खुर्ची घेऊनच निघत.

आप्पा गेले. गंधमुक्तीचा विधी झाला, पाहुणे पांगले, आणि माय चहा ठेवायला गेली तेव्हा शेगडी फुरफुरून विझली. भरलेलं सिलिंडर कोपऱ्यात होतं. लावणारा नव्हता. मायनं आजवर रेग्युलेटरला हात लावला नव्हता; वाटीत पाणी द्यायचं आणि बाहेर पडायचं, एवढंच तिचं काम. मलाही ते कधी शिकावं लागलं नाही.

"माय, मन्हासंगे सुरतले चाल," मी म्हटलं. "तठे नळना गॅस शे. लावानं नही, काढानं नही."

"मंग तठे मी काय करू?"

मी तिची लुगडी बॅगेत भरायला लागले. तिनं कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे पाहिलं. शेवटी म्हणाली, "हाऊ बाटला मी लावसू. लागना तं मी आठेच. नही लागना तं तुन्हासंगे."

तिनं खिडक्या उघडल्या आणि सिलिंडर फरशीवरून ओढलं. तो खरखराट गल्लीच्या ओळखीचा होता. कुणी न बोलावता माणसं बाहेर आली. हेमकांतकाका खुर्ची आणि बकरी घेऊन आले.

माय उंबऱ्यात उभी राहिली. बँकेतसुद्धा अहिराणीच बोलणारी माझी आई पदर सावरून म्हणाली, "सर्वांनी कृपया बाहेर यावे. आत एकच माणूस थांबेल." एक शब्द चुकला नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर गेले.

"रुपा, तुले वाटस का जमी?" काकांनी विचारलं.

"माहीत नही, काका."

"मंग मी खुर्ची आखो मांगे लेस."

आत खट झालं. मग वाटीत ब्रश फिरल्याचा आवाज. मग काहीच नाही.

"फुगा!" माय ओरडली.

गल्ली मागे सरकली. बकरी तेवढी जागची हलली नाही.

"वहिनी, एजन्सीले फोन लावा!" काका मागून ओरडले.

"तुम्ही गप बठा, भाऊ! बकरी बी गप शे!"

मी उंबऱ्यापाशी पोचले होते. "माय, मी येऊ का?"

"एकच मानूस!"

रेग्युलेटर निघाला. पुन्हा बसला. या वेळचं खट जरा ठाम होतं. पुन्हा ब्रश. मी उंबऱ्यावरच थांबले. तिला जमावं, असं मला वाटत होतं. भरलेली बॅग मात्र माझ्या नजरेसमोर होती.

बऱ्याच वेळानं शेगडीनं भक्‌ केलं.

"लागना," माय आतून म्हणाली. आवाज नेहमीचा होता.

ती वाटी घेऊन बाहेर आली. निम्मा फेस उरला होता. ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. पुढचं काम आप्पांच्या गालांचं होतं. 

हेमकांतकाकांनी खुर्ची होती तिथून पुढे आणली, उजेडाकडे तोंड करून बसले आणि हनुवटी वर केली. "वहिनी, फेस वाया जाई."

मायनं त्यांना निरखलं. "त्यासनाइतला देखना तं तुम्ही नहीत," ती म्हणाली आणि वाटी त्यांच्या हातात दिली. "ब्रश धुईसन लई या."

काकांनी गालांना फेस फासला आणि मग आठवलं, की वस्तरा घरी आहे. पांढरे गाल घेऊन ते गल्लीतून निघाले, मागून बकरी.

मी बॅगेतली लुगडी काढून फडताळात ठेवली. मायनं चहा केला. दुसऱ्या दिवशी मी सुरतच्या गाडीत एकटीच बसले.

उन्हाळा लागता लागता हेमकांतकाकांचा मोबाइलवर फोटो आला. खाली मजकूर काही नव्हता. गाल गुळगुळीत, मागे बकरी.

मी मायला फोन केला. सिलिंडरचं काही विचारलं नाही. आज स्वयंपाक काय केलास, एवढंच विचारलं.